सबनॉटिकातील बेवारस पीडीए: एकही नोंद न सुटता गोळा करण्याचा क्रम

सबनॉटिका हा परग्रहावरच्या समुद्रात तगून राहण्याचा व्हिडिओ गेम पूर्ण खेळून, रॉकेटने ग्रह सोडून झाल्यावरही अनेक खेळाडूंच्या डेटाबँकेत (सापडलेल्या नोंदींच्या साठ्यात) डिगासी या पूर्वी कोसळलेल्या जहाजातून वाचलेल्या माणसांची गोष्ट मध्येच तुटलेली असते आणि ऑरोरा या खेळाडूच्याच कोसळलेल्या जहाजाच्या खलाशांपैकी दोघातिघांचा पत्ताच लागलेला नसतो. याचे कारण शोधातला आळस क्वचितच असते. बहुतेकदा क्रम चुकलेला असतो. या गेममधले पीडीए, म्हणजे इतरांनी मागे सोडलेली नोंदींची छोटी उपकरणे, एकमेकांना जोडलेले आहेत, एकातली नोंद दुसऱ्याचे ठिकाण दाखवते, आणि एकूण पीडीए किती आहेत हे गेम कुठेही सांगत नाही. त्यामुळे नकाशावर वाटेल तसे भटकून ते गोळा करायला गेल्यास काय राहिले हे कळण्याचा मार्गच उरत नाही. पुढील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने घ्यावेत. ठिकाणे आणि कुलपांचे आकडे जागोजागी दिलेले असल्याने, ज्यांना ती रहस्ये स्वतः उलगडायची आहेत त्यांनी पहिले तीन टप्पे वाचून थांबावे.

## टप्पा १: खेळाचा प्रकार आणि सेव्ह करण्याची शिस्त

नवा खेळ सुरू करताना सर्व्हायव्हल किंवा फ्रीडम यांपैकी एक प्रकार निवडा. फ्रीडममध्ये भूक आणि तहान नसते, पण कथा तशीच चालते, त्यामुळे केवळ नोंदींसाठी खेळणाऱ्यांना तो सोयीचा आहे. क्रिएटिव्हमध्ये कथानक चालत नाही आणि रेडिओवरचे संदेश येत नाहीत, म्हणून या कामासाठी तो निरुपयोगी आहे. हार्डकोअरमध्ये एकदा मृत्यू आला की सगळा खेळच जातो. पहिल्या फेरीत तो टाळावा.

हा गेम आपोआप सेव्ह होत नाही. एखाद्या खोल गुहेतून चार पीडीए मिळवून खेळाडू समाधानाने गेम बंद करतो आणि दुसऱ्या दिवशी ते चारही डेटाबँकेत नसतात. प्रत्येक ठिकाणाहून बाहेर पडून सुरक्षित पाण्यात आल्यावर स्वतः सेव्ह करायचे, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

इशारा: तुमचा स्वतःचा पीडीए पाण्याखाली उघडून वाचत बसलात तरी ऑक्सिजन संपत राहतो. नव्या आवृत्तीत पीडीए उघडल्यावर खेळ थांबवण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे. ती सुरू करून ठेवणे शहाणपणाचे.

## टप्पा २: कोणती नोंद कुठे जाते हे आधी समजून घ्या

बेवारस पीडीए उचलताच त्यातला मजकूर तुमच्या पीडीएमध्ये उतरतो आणि ते उपकरण त्या जागेवरून नाहीसे होते. म्हणजे परत त्याच खोलीत गेल्यावर पीडीए दिसत नसेल तर तो तुम्ही आधीच घेतलेला असतो. नोंदी डेटाबँकेतल्या उतरवलेल्या माहितीच्या विभागात जातात. तिथे ऑरोराचे वाचलेले लोक, डिगासीचे वाचलेले लोक, परग्रही माहिती, कुलपांचे आकडे आणि सुगावे असे उपविभाग असतात. स्कॅनरने टिपलेले प्राणी, वनस्पती आणि यंत्रांचे तुकडे हेही डेटाबँकेतच दिसतात, पण ते वेगळ्या विभागांत. डेटाबँकेचा एकूण आकडा वाढतो आहे म्हणून पीडीए मिळत आहेत, असा समज करून घेऊ नका.

रेडिओवरून आलेले संदेश मात्र लॉगमध्ये राहतात आणि तिथून पुन्हा ऐकता येतात. गडबडीत एखादा संदेश अर्धवट ऐकला असेल तर तो तिथेच शोधा.

कागदाची एक वही किंवा फोनवरची साधी यादी जवळ ठेवा. तिच्यात ठिकाण, अंदाजे खोली, किती पीडीए उचलले आणि सेव्ह केले की नाही, एवढ्याच गोष्टी लिहा. एकूण संख्या गेम देत नसल्याने हीच यादी पुढे तपासणीचा आधार ठरते.

## टप्पा ३: रेडिओची दुरुस्ती आणि तयारी

सुरुवातीला तुमच्या लाइफपॉड ५ मधला, म्हणजे ज्या कुपीतून तुम्ही ऑरोरातून निसटलात तिच्यातला, रेडिओ नादुरुस्त असतो. तो सुरू झाल्याशिवाय बाकीच्या पॉडचे बीकन (पडद्यावर ठिकाण दाखवणाऱ्या खुणा) मिळत नाहीत. म्हणून घर बांधण्याच्या, वाहन जमवण्याच्या आधी रिपेअर टूल बनवा. त्याला टायटॅनियम, सिलिकॉन रबर आणि केव्ह सल्फर लागते. रबर क्रीपव्हाइनच्या बियांच्या घोसांपासून होते. सल्फर उथळ गुहांमधल्या ज्या रोपांत क्रॅशफिश दडून बसतो, त्या रोपांतच मिळते. तो अंगावर येऊन फुटतो. रोप उघडताना दिसले की लगेच मागे सरका, मासा फुटू द्या आणि मगच सल्फर घ्या.

रेडिओ दुरुस्त झाल्यावर संदेश एकदम येत नाहीत, खेळ पुढे सरकेल तसे येतात. संदेश आल्याची सूचना पडद्यावर दिसली की पॉडवर परत जाऊन तो ऐकायचाच. मुक्काम दूर हलवला असेल तर नव्या तळावर रेडिओ बांधून घ्या. रेडिओकडे दुर्लक्ष करून दूर निघून जाणे हे पॉड चुकण्याचे सर्वांत मोठे कारण आहे.

त्यानंतरची तयारी खोलीनुसार करायची आहे. साध्या शरीराला ४५ सेकंदांचा श्वास मिळतो, साध्या टाकीने तो ७५ सेकंद होतो आणि मोठ्या क्षमतेच्या टाकीने १३५. १०० मीटरच्या खाली ऑक्सिजन अधिक वेगाने खर्च होतो, तो रोखण्यासाठी रीब्रीदर लागतो. सीमॉथ हे छोटे वाहन मुळात २०० मीटरपर्यंतच टिकते. खोलीच्या मॉड्यूलने ही मर्यादा क्रमाने ३००, ५०० आणि ९०० मीटर होते. ही मॉड्यूल एकमेकांत मिळवली जात नाहीत. सर्वांत वरचे एक बसवले की पुरे, बाकीच्यांनी जागा अडवू नये.

तपासा: रिपेअर टूल, स्कॅनर, टॉर्च, दोन-तीन बीकन आणि औषधाचे किट सोबत आहे का? पिशवीत रिकामी जागा आहे का? पीडीए उचलायला जागा लागत नाही, पण त्याच्या शेजारी पडलेल्या वस्तूंना लागते.

## टप्पा ४: लाइफपॉड, उथळातून खोलाकडे

रेडिओ ज्या क्रमाने बीकन देतो त्याच क्रमाने धावत सुटू नका. आलेले सगळे बीकन वहीत उतरवा आणि खोलीच्या क्रमाने घ्या. बीकनवरचा आकडा खोली दाखवत नाही, तुमच्यापासूनचे सरळ रेषेतले अंतर दाखवतो. यावर एक साधा उपाय आहे. पृष्ठभागावरूनच बीकनच्या दिशेने जात राहा. आकडा कमी होत होत एका जागी सर्वांत लहान होतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा वाढू लागतो. तो सर्वांत लहान आकडा म्हणजे जवळजवळ त्या पॉडची खोलीच. ती तुमच्या वाहनाच्या मर्यादेत बसते का, हे बुडी मारण्याआधी इथेच ठरते.

साधारण क्रम असा ठेवावा. लाइफपॉड ३ केल्पच्या जंगलात सुमारे २० मीटरवर आहे. तिथे स्टॉकर हे शिकारी प्राणी फिरतात, पण नुसत्या पोहण्यावर काम होते. त्याच पॉडपाशी होकायंत्राचा डेटा बॉक्स आहे, तो घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढच्या सगळ्या दिशा त्यावरच ठरतात. मग लाल गवताच्या पठारावरचे ६ आणि १७ हे पॉड घ्या. त्यानंतर ७ आणि १३, हे दोन्ही साधारण १८० मीटरवर, म्हणजे साध्या सीमॉथच्या आवाक्यात. १२ क्रमांकाचा पॉड सुमारे २७० मीटरवर बल्ब झोनमध्ये आहे. १९ क्रमांकाचा ३०० मीटरच्या आसपास आहे आणि पहिल्या मॉड्यूलची मर्यादा नेमकी तिथेच संपते, म्हणून सीमॉथ थोडी वर थांबवून शेवटचे अंतर पोहून जावे. २ क्रमांकाचा पॉड ब्लड केल्पच्या भागात ५०० मीटरच्या आसपास आहे, तो सर्वांत शेवटी घ्या. तिथे अँपील हे विजेचा झटका देणारे प्राणी असतात. ४ क्रमांकाचा पॉड मात्र पृष्ठभागावर उलटा तरंगतो. खोली नसली तरी तो ऑरोराच्या परिसरात आहे आणि तिथल्या पाण्यात रीपर लेवायथन हे अजस्र शिकारी प्राणी फिरतात. तिथे पाण्याखालून रेंगाळत न जाता पृष्ठभागावरून सरळ जाऊन सरळ परत यावे.

पॉडपाशी पोचल्यावर होणारी चूक एकच असते. खेळाडू पॉडच्या आत डोकावतो, एक पीडीए उचलतो आणि निघतो. पीडीए पॉडच्या आत असतो तसा बाहेर वाळूतही पडलेला असू शकतो. म्हणून आधी आत पाहा, मग पॉडला पूर्ण फेरी मारा, आणि मग थोडी मोठी दुसरी फेरी मारून समुद्रतळ न्याहाळा. उपकरण लहान असते. त्याच्या पडद्याचा मंद उजेड दिवसा वाळूत विरून जातो आणि रात्री चटकन दिसतो. शिकारी प्राण्यांची भीती नसेल अशा जागी रात्रीची फेरी म्हणूनच फायद्याची ठरते.

उचललेली नोंद शक्यतो वाहनात बसून लगेच ऐका. पॉड १९ मधली द्वितीय अधिकारी कीन यांची नोंद तर ऐकलीच पाहिजे. वाचलेल्या खलाशांनी जिथे जमायचे ठरवले होते ते ठिकाण तिच्यातून उघडते आणि सहाव्या टप्प्याची वाट तिथूनच सुरू होते.

तपासा: तुमच्या यादीत २, ३, ४, ६, ७, १२, १३, १७ आणि १९ हे नऊ पॉड आहेत का? एखाद्याचा बीकनच आला नसेल तर रेडिओकडे परत जा. न ऐकलेला संदेश तिथे वाट पाहत असण्याची शक्यता मोठी आहे.

## टप्पा ५: ऑरोरा

ऑरोराचा स्फोट खेळाच्या सुरुवातीच्या काळात आपोआप होतो आणि त्याआधी तुमचा पीडीए इशारा देतो. स्फोटानंतर परिसरात किरणोत्सर्ग पसरतो, पण जहाजाच्या आत जाण्याची वाटही तेव्हाच मोकळी होते. किरणोत्सर्गरोधक पोशाख शिसे आणि फायबर मेशपासून बनतो. पोशाख, हातमोजे आणि शिरस्त्राण असे त्याचे तीन भाग आहेत आणि तिन्ही अंगावर चढवावे लागतात. शिरस्त्राण आणि रीब्रीदर एकाच जागी बसतात, त्यामुळे दोन्ही एकदम घालता येत नाहीत. रीब्रीदर काढायला विसरून ऑरोराकडे गेलेल्या खेळाडूला, पोशाख घालूनही प्रकृती का खालावते आहे, हे उमगत नाही.

सोबत अग्निशामक, रिपेअर टूल, लेझर कटर आणि प्रोपल्शन कॅनन घ्या. यांतले एक जरी राहिले तरी काही खोल्या बंद राहतील आणि दुसरी खेप करावी लागेल. आग विझवल्याशिवाय काही मार्ग ओलांडता येत नाहीत, कटरशिवाय काही दारे उघडत नाहीत आणि कॅननशिवाय वाटेतला ढिगारा हलत नाही. जहाजाच्या नाकाकडून आत शिरा. मागच्या बाजूने, इंजिनांजवळून जाण्याचा मोह रीपरमुळे फार महागात पडतो.

आत गेल्यावर क्रम महत्त्वाचा आहे. प्रत्येक खोलीत आधी टेबले, खाटा आणि लॉकरसमोरची जमीन पाहा, मगच पुढचे दार उघडा. कुलपांचे आकडे असे आहेत: मालाचे दार १४५४, प्रयोगशाळा ६४८३, केबिन क्रमांक १ साठी १८६९ आणि कॅप्टनची खोली २६७९. कॅप्टनच्या खोलीचा आकडा रेडिओवरून येतो, बाकीचे आकडे जहाजावरच्या नोंदींतून मिळतात. आकडे आधीच ठाऊक असलेला खेळाडू थेट दाबून पुढे जातो आणि ज्या पीडीएमध्ये तो आकडा लिहिला होता तो मागे राहतो. दार उघडले तरी तो पीडीए शोधून उचलाच. या एका चुकीमुळे डेटाबँकेत जेवढ्या रिकाम्या जागा राहतात, तेवढ्या इतर कशानेही राहत नाहीत.

ड्राइव्ह कोअरमधल्या ११ भेगा रिपेअर टूलने बुजवा. त्यानंतर किरणोत्सर्ग हळूहळू ओसरतो आणि राहिलेल्या खोल्या पाहायला रीब्रीदर घालून परत येता येते. पाणी भरलेल्या भागांत हाताला चिकटणारे ब्लीडर असतात. ते फार धोकादायक नाहीत, पण त्यांना झटकण्याच्या गडबडीत कोपरे पाहायचे राहून जातात.

इशारा: ऑरोरातून बाहेर पडण्याआधी सेव्ह करा आणि परतल्यावर पुन्हा करा. रीपर या दोन ठिकाणांच्या मध्येच भेटतो.

## टप्पा ६: फ्लोटिंग आयलंड

कीन यांनी दाखवलेली जागा म्हणजे नैऋत्येकडचे तरंगते बेट. ढगांच्या आवरणामुळे ते लांबून दिसत नाही, म्हणून नजरेवर विसंबू नका, बीकन आणि होकायंत्र धरूनच जा. इथेच डिगासी जहाजाच्या वाचलेल्या तिघांची, म्हणजे पॉल टॉर्गल, बार्ट टॉर्गल आणि मार्गरिट मायडा यांची गोष्ट सुरू होते.

बेटावर त्यांची बांधकामे एकाच जागी नाहीत. खालच्या सखल भागातले अवशेष पाहून खेळाडू मल्टिपर्पज रूम स्कॅन करतो, फळे तोडतो आणि परततो. टेकड्यांवरची बांधकामे त्याला दिसतच नाहीत. प्रत्येक टेकडीचा माथा चढून पाहणे भाग आहे. जमिनीवर केव्ह क्रॉलर त्रास देतात, सुरी हाताशी असू द्या.

इथल्या नोंदी पूर्ण ऐका. डिगासीचे लोक पुढे पाण्याखाली कुठे गेले, हे त्यांतून कळते आणि पुढच्या ठिकाणांचे बीकन तुमच्या यादीत येतात. बीकन व्यवस्थापकात जाऊन ते चालू असल्याची खात्री करा. जुने, काम झालेले बीकन बंद करून टाका, नाहीतर पडद्यावरच्या गर्दीत नेमका हवा तोच चुकतो.

## टप्पा ७: जेलीश्रूम गुहा

सुमारे २५० मीटरवरचा डिगासीचा हा दुसरा तळ मिळवताना सर्वांत जास्त खेळाडू बुडतात, म्हणून त्याची तयारी वेगळी करावी लागते. सीमॉथला किमान पहिले मॉड्यूल, अंगावर रीब्रीदर आणि मोठ्या क्षमतेची टाकी, यांपैकी एक जरी नसेल तर जाऊ नका.

गुहेच्या तोंडाशी एक बीकन सोडा आणि त्याला ओळखू येईल असे नाव द्या. आत सगळीकडे जांभळा उजेड असतो आणि छत्र्यांसारख्या अजस्र जेलीश्रूमच्या दाटीत प्रत्येक दिशा सारखीच वाटते. बाहेरची वाट विसरणे ही इथली खरी आपत्ती आहे. पाथफाइंडर टूल असेल तर आत जाताना वाटेवर खुणा टाकत जा. क्रॅबस्नेक जेलीश्रूमच्या आत दडून बसतात, म्हणून त्यांच्या तोंडासमोरून न जाता छताच्या बाजूने वाहन चालवावे.

तळाच्या खोल्या पाण्याने भरलेल्या आहेत. तिथे श्वास मिळणार नाही. सीमॉथ शक्य तितकी दाराजवळ आणून उभी करा, एका खेपेला एकच खोली पाहा आणि परत येऊन श्वास भरा. ऑक्सिजन ३० सेकंदांवर आला की हातातले काम सोडून निघायचे, हा नियम मोडू नका. पीडीए तिथेच राहणार आहे, पुढच्या खेपेला मिळेल.

तपासा: प्रत्येक खोलीची जमीन, टेबल आणि भिंतीलगतचा पसारा पाहिला का? आतला जांभळा प्रकाश आणि पीडीएच्या पडद्याचा उजेड सहज एकमेकांत मिसळतो, म्हणून टॉर्च बंद करून एकदा आणि चालू करून एकदा, असे दोनदा पाहा.

## टप्पा ८: डीप ग्रँड रीफ

तिसरा तळ सुमारे ५०० मीटरवर आहे. सीमॉथचे दुसरे मॉड्यूल कागदावर पुरते, पण नेमक्या मर्यादेवर वाहन नेणे म्हणजे थोडे खाली सरकताच ते चिरडू देणे. तिसरे मॉड्यूल बसवा किंवा प्रॉन सूट, म्हणजे आत बसून चालवायचा यंत्रपोशाख, न्या, तो मुळातच ९०० मीटरपर्यंत टिकतो. इथल्या क्रॅबस्क्विडच्या झटक्याने वाहनाची वीज आणि दिवे काही काळ बंद पडतात. अशा वेळी घाबरून बाहेर उडी मारू नका, वीज परत येईपर्यंत आत थांबा.

खोल्यांची पद्धत मागच्या टप्प्यासारखीच. डिगासीची गोष्ट या तळावर उलगडते, आणि पुढे परग्रही केंद्रात लागणारी नारिंगी टॅबलेटही इथेच आहे, ती राहू देऊ नका.

## टप्पा ९: परग्रही केंद्रे

क्वारंटाइन प्लॅटफॉर्म, लॉस्ट रिव्हरमधले रोगसंशोधन केंद्र, औष्णिक वीज केंद्र आणि सर्वांत खालचे प्रायमरी कंटेनमेंट या ठिकाणी माहिती पीडीएऐवजी टर्मिनलवरून उतरवायची असते. ती डेटाबँकेतल्या परग्रही माहितीच्या उपविभागात जाते. कथेसाठी इथे यावेच लागते, त्यामुळे ही केंद्रे चुकत नाहीत. चुकतात ती आतली बाजूची टर्मिनल. मुख्य दालनाकडे जाण्याआधी प्रत्येक फाटा शेवटपर्यंत पाहा.

## टप्पा १०: रॉकेटआधीची तपासणी

नेपच्यून रॉकेट सुटले की खेळ संपतो, तिथून परतता येत नाही. उड्डाणाआधी सेव्ह करा आणि मग डेटाबँक उघडून वहीतली यादी तिच्याशी ताडून पाहा. डिगासीच्या उपविभागात क्रमांक घातलेल्या नोंदी आहेत, त्यांत मधला एखादा क्रमांक नसेल तर त्याच्या आधीची आणि नंतरची नोंद कोणत्या तळावर मिळाली ते पाहा. हरवलेली नोंद बहुधा त्याच तळावर किंवा त्याच्या आधीच्या तळावर असते. ऑरोराच्या उपविभागात एखाद्या पॉडची नोंदच नसेल, तर प्रथम लॉगमध्ये त्या पॉडचा रेडिओ संदेश आहे का ते शोधा. संदेश असेल तर बीकन व्यवस्थापकात तो बीकन बंद पडला आहे का ते पाहा आणि चालू करून चौथ्या टप्प्याप्रमाणे पुन्हा जा. संदेशच नसेल तर रेडिओकडे जा. पीसीवर खेळत असाल तर एफ १ दाबून मिळणारे स्थानांक प्रत्येक पाहिलेल्या जागेपुढे लिहून ठेवा, म्हणजे एकच अवशेष दोनदा पिंजून काढण्यात वेळ जाणार नाही.

कुलपांचे आकडे आणि सुगाव्यांचा उपविभाग सर्वांत शेवटी पाहा. तिथे कॅप्टनच्या खोलीखेरीज एखाद्या दाराचा आकडा नसेल आणि ते दार तुम्ही उघडलेले असेल, तर तो पीडीए अजून ऑरोरावरच आहे.